‘ब्रीड कुठलं?’

कट्ट्यावर कुणी पिल्लाचा फोटो दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ब्रीड कुठलं?’ त्याचं नाव काय, ते खातं काय, हे सगळं नंतर. उत्तर ‘हस्की’ असेल तर फोन हातोहात फिरतो. ‘गावठी’ असेल तर ‘अरे वा, क्यूट आहे’ म्हणून विषय संपतो. कुत्र्याचीसुद्धा जात विचारायची सवय आपल्याला कुठून लागली, हे वेगळं सांगायला नकोच.

पण विचारताच आहात, तर नीट विचारा. ब्रीड म्हणजे नुसतं दिसणं नव्हे. कुणीतरी, कुठेतरी, एका ठरावीक कामासाठी पिढ्यान्‌पिढ्या घडवलेला तो कामगार असतो. डॅशहुंडचे आखूड पाय गोंडस दिसावेत म्हणून नाहीत. जर्मन भाषेत ‘डाख्स’ म्हणजे बॅजर, बिळात राहणारा एक चिवट प्राणी. त्याच्या बिळात शिरता यावं म्हणून ते पाय तसे. लॅब्राडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर गार पाण्यात उड्या मारून सुटलेले मासे आणि जाळी ओढून आणायचे. तुमच्या मावशीकडचा लॅब डबकं दिसलं की त्यात का लोळतो, ते आता कळलं ना? त्याच जातीच्या नाकाने मुंबई वाचवायलाही हातभार लावलाय. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या काळात पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या ‘झंजीर’ने 3 हजार किलोहून जास्त आरडीएक्स शोधून दिलं. तो 2000 मध्ये गेला, तेव्हा पोलिसांनी त्याला मानवंदना दिली होती.

काम काढून घेतलं आणि नुसतं दिसणं ठेवलं की काय होतं, ते बुलडॉगकडे बघा. तो बैलांवर सोडायचा कुत्रा. 1835 मध्ये इंग्लंडने त्या झुंजींवर बंदी घातली, ते बरंच झालं. पण नंतर शोसाठी त्याचं डोकं मोठं आणि नाक चपटं करत नेलं. इतकं, की आता बहुतेक पिल्लं सिझेरियननेच जन्माला येतात. पगचंही तसंच. ‘हच’च्या जाहिरातीनंतर आपल्याकडे पग घेण्याची लाटच आली होती. त्याच्या घोरण्याचे रील्स आपण हसून शेअर करतो, पण बऱ्याचदा तो बिचारा श्वास घ्यायला धडपडत असतो.

आता हस्की. सैबेरियातल्या चुक्ची लोकांनी बर्फावरून मैलोन्‌मैल स्लेज ओढायला तयार केलेला कुत्रा. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर आणि पायांत न संपणारी धाव. त्याला आपण चौथ्या मजल्यावरच्या वन बीएचकेमध्ये आणतो आणि मे महिन्यात एसीसमोर बसवतो. माझ्या एका मित्राने सेकंड इयरला असताना हट्टाने घेतला. सहा महिन्यांत सोफा फाडून झाला, रात्रीच्या रडण्यावरून सोसायटीची नोटीस आली. मित्र सकाळी कॉलेज, संध्याकाळी क्लास; फिरवायचं काम आपोआप आईकडे. आता त्याला एमएससाठी जर्मनीला जायचंय आणि सगळ्या ग्रुप्सवर मेसेज फिरतोय, ‘गुड होम हवंय, अर्जंट’. मित्र वाईट नाही, राव. त्याने फक्त हिशोब केला नव्हता. कुत्रा बारा-तेरा वर्षं जगतो. तुम्ही एफवायला असताना आणलेला कुत्रा तुमची पहिली नोकरी, बदली, कदाचित लग्नही बघणार. तेव्हा तो कुणाच्या घरी असेल, हे आज सांगता येत नसेल तर कृपा करून घेऊ नका. कुठलंच ब्रीड नको.

‘मग देशी घेतो’ हा सोपा जबाबही मला पटत नाही. आपल्याकडे कारवान आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी सांभाळलेला, म्हणून मुधोळ हाउंड या नावाने जास्त ओळखला जाणारा. निमुळतं तोंड, बारीक कंबर, वासापेक्षा नजरेवर शिकार धरणारा. 2005 मध्ये त्याच्यावर टपाल तिकीट निघालं, लष्करानेही त्याला मेरठच्या केंद्रात प्रशिक्षण दिलं. अभिमान वाटायलाच हवा. पण त्याला लागतं मोकळं माळरान. पार्किंगमध्ये साखळीला बांधलेला कारवान बघितला की मला हस्कीइतकंच वाईट वाटतं.

राहिला आपला गावठी. त्याला कुणी डिझाइन केलं नाही. इथल्या उन्हाने, पावसाने आणि रस्त्याने घडवलं. म्हणूनच अंगावर आखूड केस, उभे कान आणि माणूस ओळखायची तल्लख बुद्धी. धनगराच्या वाड्याभोवती लांडग्यांवर नजर ठेवून रात्र जागवतो तो हाच. उत्तराखंड पोलिसांनी रस्त्यावरचा एक कुत्रा उचलून पथकात घेतला, त्याचं नाव काय ठेवलं माहितीये? ठेंगा! आणि दत्ताच्या तसबिरीतले चार कुत्रे आठवा. त्यांचं ब्रीड विचारलंय कुणी कधी?

गावठीचं कौतुक करायचं तर त्याचं लसीकरण आणि नसबंदीही आपलीच जबाबदारी. नुसती बिस्किटं टाकून निघून जाणं म्हणजे प्रेम नाही, आणि चावऱ्या टोळीला घाबरणारे लोक निर्दयी नसतात. कॅम्पसमधल्या कुत्र्याच्या कानाला छोटी खाच दिसली तर समजा, नसबंदी झालेली आहे. नसेल तर महापालिकेला कळवा, पाठपुरावा करा. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी इंजेक्शन घ्या. हळद-चुना नको. रेबीज झाल्यावर जवळजवळ कुणीच वाचत नाही.

आमच्या कॉलेजच्या गेटवर राणी असते. कानाला खाच, एक पाय जरा लंगडा. रात्री वॉचमनकाकांबरोबर राउंड मारते. लायब्ररीतून उशिरा निघणाऱ्या मुली तिला हाक मारतात, ती बस स्टॉपपर्यंत सोबत येते, बस निघाली की परत फिरते. पगार म्हणून उकडलेलं अंडं चालतं.