लहान विमानाचा वैमानिक दुय्यम नव्हे

पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला. पुढच्या वर्षी मार्चमध्ये फ्लाय नाइंटीवन कंपनीने तिथेच ठाणे करून एटीआर या लहान टर्बोप्रॉप विमानांची सेवा सुरू केली आणि पुढे जळगाव, सोलापूर, लक्षद्वीपमधील अगत्ती ही ठिकाणे गोव्याशी थेट जोडली गेली. घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्राएर जेट घेऊन याच प्रादेशिक बाजारात उतरली आहे. ही विमाने चालवणाऱ्या वैमानिकांशी कंपन्यांनी कोणत्या अटींवर करार करावा, हा प्रश्न त्यामुळे आता गोव्याचाही झाला आहे.

या बाबतीत एक मत सर्रास ऐकू येते. लहान विमानात आसने कमी, म्हणून उत्पन्न कमी; तेव्हा पगार, विश्रांती आणि करारातील हमी मोठ्या कंपन्यांच्या तोलामोलाची मागणे गैर. मागण्या ताणल्या तर मार्ग बंद पडतील. शिवाय वैमानिक लाखांनी कमावतो. त्याला कामगारांसारखी सामूहिक वाटाघाट कशाला हवी?

मार्ग बंद पडण्याची भीती आधी पाहू. प्रादेशिक विमानसेवेला अनुदान देणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेवरील महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालानुसार, दिलेल्या 774 मार्गांपैकी 371 सुरू झाले, त्यांतल्या 112 मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली आणि त्या मुदतीनंतरही मार्च 2023 पर्यंत 54 टिकले. धावपट्ट्या वेळेवर तयार झाल्या नाहीत, विमाने मिळाली नाहीत, अनुदान संपल्यावर हिशेब जुळला नाही. पेडण्याच्या शेजारच्या सिंधुदुर्गात चिपी–मुंबई सेवा ऑक्टोबर 2021 मध्ये गाजावाजात सुरू झाली आणि उडानची मुदत सरताच थांबली. तिथे वैमानिकांनी संप केला नव्हता. धोरणातल्या उणिवांचे खापर वैमानिकाच्या विश्रांतीवर फोडणे अन्यायाचे आहे.

लहान विमानाचे काम हलके, हा समजही खोटा आहे. मोपाहून दिल्लीला जाणारे एअरबस अडीच तासांत एकदा उडते आणि एकदा उतरते. तेवढ्या वेळात एटीआरच्या वैमानिकाची दोन उड्डाणे होऊ शकतात. हे विमान जेटपेक्षा खालून उडते, म्हणजे पावसाळी ढगांतून जास्त वेळ जाते. अगत्तीची धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची, दोन्ही टोकांना समुद्र. जुलैत मोपाच्या सड्यावर ढग टेकलेले असताना उतरायचे, प्रवासी चढेपर्यंत पुढच्या उड्डाणाची कागदपत्रे पाहायची आणि पुन्हा निघायचे, असा दिवस जातो. थकवा आसनसंख्येवर ठरत नाही, तो ड्युटीच्या तासांवर आणि उतरण्यांच्या संख्येवर ठरतो.

पगाराच्या रचनेतला धोका डिचोलीकरांना वेगळा समजावून सांगावा लागत नाही. खनिज वाहतुकीत जितक्या फेऱ्या तितकी कमाई असली की ट्रक कसे धावतात, हे डिचोली-सत्तरीच्या रस्त्यांनी वर्षानुवर्षे सोसले आहे. वैमानिकाच्या पगारातही एक भाग महिन्याच्या हमी तासांचा, म्हणजे उड्डाणे कमी झाली तरी मिळणारा, आणि एक भाग प्रत्यक्ष उड्डाणाचा असतो. हमी कमी केली की थकलेल्या माणसालाही उड्डाण नाकारणे परवडत नाही. 2023 मध्ये एअर इंडियाने हमी 40 तासांवर ठेवणारा करार पुढे केला, तेव्हा दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी रतन टाटांकडे दाद मागितली. पुढच्या वर्षी विस्तारा कंपनीत हमी 70 तासांवरून 40 वर आली. वैमानिक मोठ्या संख्येने रजेवर गेले आणि कंपनीला रोजची उड्डाणे कमी करावी लागली. दोन्ही वेळी करार आधी छापला गेला, चर्चा मागाहून झाली.

थकव्याची आणि ताणलेल्या रोस्टरची किंमत प्रवासीही मोजतात. मे 2010 च्या मंगळुरू अपघातात 158 जण मेले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशीत कमांडर उड्डाणाचा बराच काळ झोपलेला होता, असे आढळले. ऑगस्ट 2020 मध्ये कोळिकोडच्या अपघातात 21 जण गेले. त्या तळावर 26 सहवैमानिकांमागे एकच कॅप्टन नेमलेला होता आणि दुसऱ्या सकाळच्या ड्युटीसाठी तिथेच उतरण्याची ओढ निर्णयामागे होती, असे अहवाल सांगतो. दोन्ही विमाने एअर इंडियाची स्वस्त सेवा देणारी शाखा असलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसची होती.

आता सरकारी नियम पुरेसे आहेत, असेही म्हटले जाते. साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास करणारे आणि रात्रीच्या उतरण्या सहावरून दोनवर आणणारे नियम जानेवारी 2024 मध्ये निघाले, पुढे ढकलले गेले आणि नोव्हेंबर 2025 मध्ये पूर्ण लागू झाले. महिनाभरानंतर इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली. गोव्यात दाबोळी आणि मोपा या दोन्ही विमानतळांवर प्रवासी खोळंबले. तयारीला जवळजवळ दोन वर्षे असूनही पुरेसे वैमानिक नव्हते. शेवटी सवलत मिळाली ती कंपनीला. नियामक दबावाखाली नियम सैल करू शकतो; सही झालेला करार एकतर्फी सैल करता येत नाही.

वैमानिकांची प्रत्येक मागणी मात्र मान्य करण्याजोगी नाही. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांच्या संघटनांनी प्रादेशिक जेटच्या आसनांवर आणि वजनावर कराराने मर्यादा घातल्या. त्यांच्या नोकऱ्या वाचल्या, पण प्रादेशिक वैमानिक दुय्यमच राहिला. भारतात 2012 मध्ये ड्रीमलायनर विमान कोणी चालवायचे यावरून एअर इंडियात 58 दिवस संप चालला, तो मुळात वैमानिकांच्या दोन गटांतला झगडा होता. ही वाट इथे नको.

हवा तो करार वेगळा आहे. लहान विमानाच्या वैमानिकाला निदान 60 तासांची हमी हवी. थकव्याचे कारण देऊन उड्डाण नाकारल्यास पगार कापू नये. रोस्टर आधी हातात पडावे आणि दिवसाच्या उतरण्यांवर मर्यादा असावी. कमांडरकडून 12 आणि सहवैमानिकाकडून 6 महिन्यांची नोटीस 2017 पासून मागितली जाते. तर कंपनीनेही काढताना तेवढीच मुदत द्यावी. प्रशिक्षणाचा बाँड दर वर्षाच्या सेवेने घटत जावा. हे सगळे एकेकट्याकडून सही करून न घेता संघटनेशी बसून ठरवावे. मोपाची प्रादेशिक सेवा अजून वाढते आहे, वैमानिकांची भरती चालू आहे. कंपन्यांनी ही बोलणी पुढच्या पावसाळ्याआधी सुरू करावीत.