ऋणनिर्देशाचे पान

मराठी ग्रंथाच्या आरंभी ‘ऋणनिर्देश’ या मथळ्याचे एक पान असते आणि बहुधा ते कोणी वाचत नाही. मुद्रकापासून मुखपृष्ठकारापर्यंत सर्वांचे आभार यथासांग मानून झाले, की लेखक आपल्या मित्रांकडे वळतो आणि एक ठरावीक वाक्य लिहून मोकळा होतो: त्यांचे आभार मानणे औपचारिकपणाचे होईल, त्यांच्या ऋणात राहणेच अधिक आवडेल. वाक्य मोठे सुखद आहे. मात्र ऋण नेमके कशाचे, हे त्यातून कधीच कळत नाही. ज्या ऋणाचा तपशील सांगायचा नाही, ते मान्य केले असे तरी कसे म्हणावे?

अमेरिकन लेखिका हार्पर ली यांचे उदाहरण या संदर्भात विचार करण्याजोगे आहे. अलाबामातून न्यूयॉर्कला आलेल्या ली विमान कंपनीत प्रवाशांची आरक्षणे नोंदविण्याची नोकरी करीत आणि उरल्या वेळात लिहीत. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याचा उरला वेळ म्हणजे काय, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना सांगावयास नको. 1956 च्या नाताळात त्या मायकेल आणि जॉय ब्राऊन या मित्रदांपत्याच्या घरी होत्या. तेथील नाताळवृक्षावर त्यांच्या नावाचे एक पाकीट होते. वर्षभर नोकरी सोडून मनाजोगे लिहिता यावे, एवढ्या रकमेची ती भेट होती. पुढे पुनर्लेखनात आणखी बराच काळ गेला आणि 1960 मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ प्रसिद्ध झाले. 1961 मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुस्तक अर्पण केले आहे ते वडिलांना आणि बहिणीला. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस ली यांनी एका मासिकात छोटा लेख लिहून त्या नाताळची हकीकत सांगितली. मित्रांनी आपल्याला वर्षभराचा अवधी दिला, ही गोष्ट त्यांनी झाकून ठेवली नाही.

मैत्रीत हिशेब कसला, असे यावर कोणी म्हणेल. मित्राला तो नकोच असतो, हे खरे. तो हवा असतो वाचकाला. एखादा होतकरू कारकून किंवा विद्यार्थी पुस्तक मिटवतो तेव्हा ते केवळ प्रतिभेने आणि जागरणाने सिद्ध झाले, अशी त्याची समजूत होते. आपल्याला तेच साधत नाही, तेव्हा तो दोष स्वतःच्या बुद्धीकडे लावतो आणि वही बंद करतो. त्या पुस्तकामागे कोणाची तरी वर्षभराची कमाई किंवा कोणाचे तरी रविवार उभे होते, हे त्याला कोणीच सांगितलेले नसते.

नुसत्या गोड शब्दांनी काय होते, याचाही दाखला ली यांच्याच आयुष्यात आहे. 1959 च्या डिसेंबरात त्या आपले बालमित्र ट्रुमन कपोटे यांच्याबरोबर कॅन्ससमध्ये गेल्या. एका शेतकरी कुटुंबाच्या हत्याकांडावर कपोटे लिहिणार होते. गावकरी या चमत्कारिक पाहुण्यापाशी मोकळेपणाने बोलेनात. ली यांच्यामुळे घरांची दारे उघडली. त्यांनी सुमारे दीडशे पाने टिपणे करून मित्राच्या हवाली केली. ‘इन कोल्ड ब्लड’ 1966 मध्ये ग्रंथरूपाने आले. अर्पणपत्रिकेत दोन नावे आहेत, त्यांत ली यांचे एक. प्रेमाचा आणि कृतज्ञतेचा उल्लेखही आहे. पण त्यांनी या ग्रंथासाठी काय काम केले, हे त्या पुस्तकात कोठेच नाही. कृतज्ञता छापली गेली, श्रम मात्र गाळले गेले.

आपल्याकडे पाकिटे क्वचितच मिळतात. आपले साहाय्य निराळ्या जातीचे असते. कोणी सहकारी कुरकुर न करता बदली तास घेतो, कोणी कचेरीतील टेबल सांभाळतो, कोणी दुर्मीळ अंक मिळवून देतो. हस्तलिखिताची सुवाच्य प्रत करणारी पत्नी तर ‘सौ.चे सहकार्य’ या दोन शब्दांत आटोपली जाते. (तिचे नावसुद्धा पुष्कळदा नसते.) पुढल्या आवृत्तीच्या वेळी अशा लेखकांनी एवढेच करावे: अमुक शिक्षकाने दोन सत्रे माझे सातवीचे मराठीचे तास घेतले, अमुक बाईंनी तीनशे पाने दोनदा उतरवून काढली, असे नावानिशी लिहावे. त्याला फार तर चार ओळी जास्त लागतील.