छंद आणि हव्यास

घरांतील मिळवता मुलगा एस्प्रेसो कॉफीचें यंत्र आणतो आणि रविवारीं कॅमेरा घेऊन डोंगर गांठतो, तेव्हां वडील मंडळी त्यास उधळपट्टी म्हणतात. आम्हांस हा न्याय अपुरा वाटतो.

एस्प्रेसोची रीत पाहा. सुमारें १८ ग्रॅम पूड सारखी पसरून दाबावयाची. तींतून ९ बार दाबाचें कढत पाणी जाऊन २५ ते ३० सेकंदांत सुमारें ३६ ग्रॅम कॉफी उतरावयाची. पूड जाडसर असली तर पाणी धांवतें व कॉफी आंबट लागते. फार बारीक असली तर कडू होते. दोष जिभेस कळतो; तो सुधारावयाचा दळणांत.

निसर्गदृश्यें टिपण्याचेंही तसेंच. १९४१ सालीं अमेरिकेंत न्यू मेक्सिकोमधील हर्नांडेझ गांवावर चंद्र उगवलेला पाहून ॲन्सेल ॲडम्स ह्यांनीं घाईनें कॅमेरा मांडला, प्रकाशमापक सांपडेना. चंद्राच्या तेजाचा आंकडा मात्र त्यांस मुखोद्गत होता. त्यावरून हिशेब करून त्यांनीं एक चित्र घेतलें. दुसरें घेण्यापूर्वींच दफनभूमींतील क्रूसांवरचें ऊन सरलें.

क्षण थोडा आणि तयारी दीर्घ, हेंच दोहोंचें मर्म. यंत्र विकत मिळतें. अभ्यास मिळत नाहीं. म्हणून वडीलधाऱ्यांनीं खर्च विचारावा, तसा अभ्यासही विचारावा. दळण आणि वेळ वहींत टिपणारा, एकाच टेकडीवर वारंवार जाणारा मुलगा विद्यार्थीच समजावा. मात्र नवें यंत्र येतांच जुनें माळ्यावर जात असेल, तर त्या छंदास हव्यास म्हणण्यास आम्हीही कचरणार नाहीं.