विश्लेषण : ट्रायल्स सायकलचा क्रँक – आधी ताकद, मग वजन!

कोथरूडला लागून म्हातोबा आणि वेताळ टेकडीचे खडक आहेत, सोसायट्यांत पायऱ्या आणि कठडे आहेत. ट्रायल्स सायकलिंगला लागणारे अडथळे इथे आयतेच मिळतात. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकअ‍ॅस्किलची २००९ मधील चित्रफीत जगभर गाजली आणि हा खेळ मोबाइलवरून घरोघरी पोहोचला. मात्र सायकल घेताना नवशिक्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘वजन किती?’ क्रँकच्या बाबतीत हा प्रश्न दुसरा असायला हवा.

क्रँकवर इतका भार का?

ट्रायल्समध्ये पाय जमिनीला न टेकवता अडथळे पार करायचे असतात. रायडर बसत नाही, पूर्ण वेळ पेडलवर उभा असतो. ६० किलोचा रायडर उंचावरून उतरताना वजनाच्या तिप्पट जोर एका पेडलवर आला, तर तो सुमारे १७५० न्यूटन होतो. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर त्याचा पीळ जवळपास ३०० न्यूटन-मीटर भरतो. त्यातच अनेक ट्रायल्स सायकलींचा फ्रीव्हील मागच्या चाकात नसून क्रँकवरच आटे देऊन बसवलेला असतो. ऐन उडीत क्रँक तुटला तर नडगी, गुडघा किंवा थेट तोंडावर आपटण्याची वेळ येते.

धातू कोणता?

पोलाद अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, पण चिवट. अ‍ॅल्युमिनियममध्ये ६०६१ आणि ७०७५ हे मिश्रधातू प्रचलित आहेत. दोन्हींचे वजन जवळपास सारखे असले, तरी योग्य उष्णताप्रक्रियेनंतर ७०७५ ची ताकद पावणेदोन पटीच्या आसपास जाते. मात्र, वारंवार भार पडल्यावर अ‍ॅल्युमिनियम कधी ना कधी थकतेच आणि तुटण्यापूर्वी बहुधा वाकून इशारा देत नाही.

घडण महत्त्वाची का?

पुणेकरांना हे वेगळे सांगायला नको. मुंढव्यातील भारत फोर्ज वाहनांचे क्रँकशाफ्ट घडवते, ते फोर्जिंगनेच. दाबून घडवलेल्या धातूचे कण भागाच्या आकाराप्रमाणे वळतात, त्यामुळे तो थकव्याला जास्त दाद देत नाही. म्हणून ‘फोर्ज्ड’ क्रँक दहा-वीस ग्रॅमने जड असला तरी तोच घ्यावा. वजन कमी करण्यासाठी जागोजागी भोके पाडलेला क्रँक दिसायला देखणा असतो. पण भोकाच्या कडेलाच ताण एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो.

जोड आणि लांबी कशी निवडावी?

साध्या सायकलचा कॉटर पिनचा क्रँक या खेळासाठी नव्हेच. चौकोनी टोकाचा अ‍ॅक्सल स्वस्त पडतो. पण बोल्ट सैल असताना सायकल चालवली की क्रँकचे भोक पसरते आणि पुन्हा घट्ट बसत नाही. दहा खाचांच्या ‘आयसिस’ जोडात भार जास्त जागी वाटला जातो. लांबीत १७० आणि १७५ मधला फरक तीन टक्क्यांचाच. लांब क्रँकने पहिल्या जोराला मदत होते, तर आखूड क्रँक खडकाला कमी घासतो.

जुना क्रँक घ्यावा का?

शक्यतो नको. त्याने किती उड्या झेलल्या, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. स्वतःचा क्रँकही महिन्यातून एकदा पुसून, पेडलचे भोक आणि अ‍ॅक्सलची जागा टॉर्चच्या उजेडात पाहावी. केसाएवढी रेघ दिसली, तर त्याच दिवशी तो बदलावा. बोल्टही अंदाजाने न आवळता टॉर्क पान्याने आवळावेत.

मग वजनाचे काय?

हलकी सायकल उडीला सोपी जाते, हे खरेच. पण ते ग्रॅम आधी इतर भागांतून कमी करता येतात. क्रँकवर तर अख्खे शरीर उभे असते. मुलाला सायकल घेऊन देणाऱ्या पालकांनी दुकानात वजनकाट्याआधी धातू, घडण आणि जोड यांची चौकशी करावी. काही ग्रॅम वाचवण्याच्या नादात हाड मोडून घेणे, हा सौदा महागच पडतो.