घरची शाळा आणि एक सोबती

गेल्या वैशाखात अहिल्यानगरास, म्हणजे आपण सर्व आजही ज्यास नुसते 'नगर' म्हणतो त्या गावी, माझ्या भाचीच्या मुलाच्या मुंजीस जाण्याचा योग आला. सावेडीतील घरापुढे मांडव पडला होता. मातृभोजनाची वेळ झाली. बटू आईच्या पानाशी बसला आणि रूढीप्रमाणे अष्टवर्गाची आठ मुले पाटांवर ओळीने बसली. ही आठही मुले उपाध्यायांनी व आप्तेष्टांनी इकडून तिकडून जमविलेली होती. बटू त्यांच्याकडे बराच वेळ पाहत राहिला आणि मग आईच्या कानाशी लागून म्हणाला, "आई, यांच्यातला माझा मित्र कोणता?"

भाचीने त्याच्या तोंडात घास घातला. ती काही बोलली नाही. मी शेजारीच होते म्हणून ते शब्द माझ्या कानी पडले, आणि या महिन्याचे हे पान मी त्याच प्रश्नास दिले आहे. भाचीची संमती घेऊनच लिहीत आहे. मुलाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यास आपण बटूच म्हणू.

बटूची हकीकत अनेक घरांतून परिचयाची वाटेल. दुसरीचे वर्ष निम्मे होते न होते तोच शाळेकडून रोज चिठ्ठी येऊ लागली. मुलगा बाकावर बसत नाही, दुसऱ्याच्या वस्तू ओढतो, प्रश्न पुरा होण्याच्या आत उत्तर ओरडतो, आणि स्वतःची वही मात्र तीन दिवसांत हरवितो. घरी आजीचे म्हणणे असे की, "लाडाने बिघडला आहे." वडिलांनी एकदा हातही उगारला. पुढे तज्ज्ञ डॉक्टरांकडे दोन-तीन खेपा झाल्या, तेव्हा कळले की यास अवधानाची न्यूनता व अतिचंचलता, म्हणजे ज्यास हल्ली सर्वत्र 'एडीएचडी' म्हणतात ती अवस्था आहे. शाळेत रोज शिक्षा सोसून मूल कोमेजत चालले, तेव्हा भाचीने ते काढून घरी शिकविण्याचे ठरविले.

येथे या अवस्थेविषयी चार शब्द सांगणे अवश्य आहे. कारण आपल्या घरांतून तिच्याविषयी अज्ञान फार, आणि त्या अज्ञानाचा मार मुलाच्या पाठीवर बसतो. हे काही आजचे खूळ नव्हे. सन १९०२ मध्ये लंडन येथे जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने व्याख्याने देऊन, बुद्धीत काही उणे नसताही ज्यांना स्वतःस आवरता येत नाही अशा मुलांचे वर्णन केले होते. पुढे सन २००७ मध्ये अमेरिकेत फिलिप शॉ व त्यांचे सहकारी यांनी शेकडो मुलांच्या मेंदूची चित्रे तपासली. त्यांना असे आढळले की, अशा मुलांच्या मेंदूचे बाह्य आवरण इतर मुलांच्याच क्रमाने पक्व होते. मात्र सरासरीने सुमारे तीन वर्षे मागाहून. विलंब विशेषेकरून कपाळामागील भागात, म्हणजे जेथून माणूस स्वतःस आवर घालतो तेथे दिसतो. नऊ वर्षांच्या मुलाकडून आपण नऊ वर्षांचा संयम मागतो आणि त्याच्यापाशी तो सहा वर्षांचा असतो. मग द्वाडपणा मुलाचा की आपल्या मागणीचा, हे सुज्ञ वाचकांनीच ठरवावे.

तथापि प्रत्येक खोडकर मूल या सदरात मोडते असे समजू नये. लक्षणे बाराव्या वर्षापूर्वी दिसू लागलेली असावी, निदान सहा महिने टिकावी, आणि एकाच नव्हे तर दोन वा अधिक ठिकाणी, जसे घरी व शाळेत, दिसावी, असा वैद्यकाचा नियम आहे. निदान तज्ज्ञानेच करावे. औषध द्यावयाचे की नाही हेही त्यांनाच विचारावे. शेजारणीच्या भयकथा ऐकून नाकारू नये आणि शेजारणीच्या आग्रहाने मागूही नये. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सन २०१३ मध्ये आपल्याच पालघर येथे सुरू झाला. त्यात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत या अवस्थेचाही समावेश आहे. पण ती तपासणी अंगणवाड्यांतून व सरकारी आणि अनुदानित शाळांतून होते. घरी शिकणारे मूल तिच्या वाटेवर येत नाही. म्हणून त्याच्या आईबापांनी आपण होऊन चौकशी केली पाहिजे.

घरी शिकविण्यास कायद्याची आडकाठी आहे काय, असे पुष्कळजणी विचारतात. सन २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेचा हक्क दिला. सामान्य मुलाच्या गृहशिक्षणास त्याने उघड मान्यताही दिली नाही आणि उघड बंदीही केली नाही. पुढील परीक्षांसाठी सन १९८९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. चौदा वर्षे पुरी झाल्यावर तिच्या दहावीच्या परीक्षेस बसता येते. आणि घरी शिकणे नगरास नवे थोडेच आहे? याच नगरात ज्यांचा संसार वर्षानुवर्षे झाला त्या लक्ष्मीबाई टिळकांनी अक्षरे लग्नानंतर घरीच, पतीच्या हाताखाली गिरविली. पुढे त्यांच्या 'स्मृतिचित्रे'ने मराठी भाषेस भूषविले.

भाचीची शाळा पाहून मला तर कौतुकच वाटले. धडा पंधरा मिनिटांचा. वाळूचे घड्याळ उलटले की धडा संपला. पाढे बसून नव्हे, जिन्याच्या पायऱ्या चढता-उतरता. पावकी-निमकी पोळीचे तुकडे करून. तराजू स्वयंपाकघरात आणि भूगोल गच्चीवर. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून. दुसऱ्या खोलीतून हाका मारून नव्हे. चांगले केले की त्याच क्षणी शाबासकी, संध्याकाळपर्यंत उधारी नाही. दीड वर्षात मूल आपल्या इयत्तेच्या पुढे गेले. "मावशी, शिकविणे मला साधले," ती मला मांडवात म्हणाली, "पण सोबती कोठून आणू?"

हेच या पानाचे मर्म आहे. शाळेतून काढल्याने मुलाचा छळ थांबला खरा, पण शाळा पुस्तकाव्यतिरिक्त आणखी एक गोष्ट फुकट देत असते, ती म्हणजे बरोबरीची मुले. शाळा सोडणाऱ्याने ती गोष्ट आपल्या हाताने मिळविली पाहिजे. अक्षरे व गणित यांच्याइतकाच मैत्री हाही अभ्यासाचा विषय धरून त्यास वेळापत्रकात जागा दिली पाहिजे. 'होईल हळूहळू' म्हणून तो विषय सोडून देता येत नाही.

भाचीने आधी एक चूक केली, ती येथे सांगते, कारण ती आपण सर्वजणी करितो. वाढदिवसास तिने एकदम सहा मुले बोलाविली. गडबड, फुगे, गाणी. पाऊण तासात बटू इतका भडकला की त्याने एकास ढकलून दिले. पुन्हा त्यांपैकी कोणी आले नाही. त्यानंतर रोज उपदेश चालू झाला: पाळीने खेळावे, ढकलू नये, दुसऱ्याचे ऐकावे. बटूस हे सारे नियम तोंडपाठ! विचारल्यास तो घडाघडा म्हणून दाखवी. अडचण नियम ठाऊक नसण्याची नव्हतीच; चेंडू हातात आल्या क्षणी तो नियम आठवणे, ही अडचण होती. म्हणून बैठकीत बसवून केलेला उपदेश अशा मुलास फारसा लागू पडत नाही. मदत खेळाच्या जागी, खेळाच्या वेळी, हळूच मिळाली पाहिजे.

याच विचाराने अमोरी मिकामी या विदुषीने आईबापांनाच मुलाच्या मैत्रीचे मार्गदर्शक होण्याचे शिक्षण दिले. त्या प्रयोगाचा वृत्तांत सन २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. आईबापांनी सोबती कसा निवडावा, भेट कशी आखावी, मुलास आधी काय सांगावे व मागाहून काय, हे त्यात शिकविले होते. आणि तसे शिकलेल्या आईबापांच्या मुलांची इतर मुलांशी वागणूक सुधारलेली दिसली. मुंजीनंतर आम्ही दोघींनी बसून आपल्या घराला साजेल अशी रीत ठरविली. ती अशी:

सोबती एकच असावा. आठ नकोत, तीनही नकोत; तिघांत एक नेहमी बाहेर पडतो, आणि तो कोण हे सांगावयास नको. तो दोन-तीन वर्षांनी लहान असला तरी चालेल. मघाशी सांगितलेल्या संशोधनावरून पाहता तोच खरा बरोबरीचा. भेट एका तासाची, आणि शेवट ठरलेला. भांडण होण्याची वाट न पाहता गोडीत असतानाच उठावे. हाताला काम असावे. नुसते "जा, खेळा" म्हणू नये. आईने जवळपास, पण मध्ये नव्हे, असे असावे. आणि दर भेटीपूर्वी मुलास एकच वाक्य शिकवावे.

सोबती मिळाला तो कोपऱ्यावरच्या सायकल दुरुस्तीवाल्यांचा सात वर्षांचा मुलगा. आजींच्या कपाळास आठी पडली. त्यांच्या मनात कोणी आपल्यांतला मुलगा होता. पण आपल्यांतले आठ पाटांवर बसून दक्षिणा घेऊन गेले, त्यांतला एकही परत फिरकला नव्हता, हे भाचीने सासूबाईंच्या नजरेस हळूच आणून दिले. पहिल्या दिवशी काम ठरले पंक्चर काढण्याचे. परातीत पाणी, त्यात ट्यूब, आणि बुडबुडे कोठून येतात ते शोधावयाचे. बटूने दहाव्या मिनिटास पंप हिसकावला आणि धाकटा घरी निघून गेला. भाची त्या रात्री रडली. पण दुसऱ्या दिवशी तिने त्या मुलाच्या आईस जाऊन सरळ सांगितले, "माझ्या मुलास थांबता येत नाही, तो शिकतो आहे. तुमच्या मुलास पुन्हा पाठवाल का?" ती माउली म्हणाली, "त्यात काय ताई, पाठविते की." लपविण्यात जे वर्ष गेले, ते एका वाक्यात भरून आले.

पुढच्या खेपेस बटूचे वाक्य होते: "आता तुझी पाळी." तेवढेच. तो विसरला की भाची दारातून दोन बोटे दाखवी, आणि त्यास आठवण होई. चाळीस मिनिटांत पंक्चर निघाले आणि तिने चिवड्याच्या वाट्या आणून बैठक संपविली. आषाढात वडील दोघांना पाथर्डीच्या रस्त्यावर चांदबीबीच्या महालास घेऊन गेले. नावाने चांदबीबीचा असला तरी ती खरी सलाबतखानाची कबर. धावून दमण्यास तो डोंगर उत्तम, आणि वर पोचल्यावर इमारतीच्या आठ बाजू मोजण्याचे काम दोघांत चार-चार वाटून दिले होते.

सारे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. श्रावणात तीन आठवडे बोलणे बंद होते. बटू अजून मध्येच बोलतो, वस्तू हरवितो, हरला की उखडतो. सोबती मिळाल्याने अवस्था जात नाही. एकटेपण तेवढे जाते. पण अवस्थेपेक्षा एकटेपणच मुलास अधिक खाते, असे मला आता वाटू लागले आहे.

आता एक विनंती, आणि ती अशा मुलांच्या आयांना नव्हे, तर ज्यांची मुले सहज मित्र जोडतात त्या भगिनींना आहे. आपल्या आळीत असे एखादे मूल असेल. वाढदिवसाच्या यादीतून त्याचे नाव आपण गाळतो, आणि "तो मारतो, त्याच्याशी खेळू नकोस" हेही आपणच शिकवितो. एका तासापुरते आपल्या मुलास त्याच्या घरी पाठवा, किंवा त्यास बोलवा. त्या मुलाच्या आईस आपण होऊन बोला. ती बोलण्यास फार भीत असते.

दिवाळीनंतर भाचीचे पत्र आले. दोघांनी मिळून अंगणात मातीचा किल्ला केला होता. बुरुज कोणी बांधावा यावरून जुंपली, बटूच्या लाथेने तटबंदी ढासळली आणि धाकटा तणतणत घरी गेला. भाचीने ठरविले की आता संपले. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दार उघडून पाहते तो धाकटा पायरीवर हजर, हातात ओल्या मातीचे घमेले, आणि तोंडाने म्हणतो, "तो उठला का? आज बुरुजाची पाळी माझी आहे."

कोणी बोलावणे धाडले नव्हते. तो आपण होऊन आला होता.