पालकांच्या शंका : "चान्स किती?"



गणपती झाले, शाळा रुळल्या, आणि ज्यांच्या घरी सीनिअर आहे त्यांच्याकडून एकच प्रश्न येऊ लागला आहे : "आमच्या मुलीचा चान्स किती?" अर्बाना-शँपेनच्या अर्ली अ‍ॅक्शनची मुदत 1 नोव्हेंबरला संपते, तेव्हा या वेळचे सदर याच विषयावर.

आपण वाढलो कट-ऑफच्या हिशेबात. बारावीचे किंवा सीईटीचे गुण आले, मेरिट लिस्ट लागली, की रेषेच्या वर की खाली ते कळे. इथे तशी रेषाच नसते. या देशात वीस हजारांहून जास्त हायस्कुले आहेत आणि प्रत्येकात कुणीतरी पहिले येतेच. 2024 साली हार्वर्डकडे 54,008 अर्ज आले आणि 1,937 जणांना होकार गेला. सगळ्या शाळांतले पहिले नंबर घ्यायचे म्हटले तरी मावणार नाहीत!

बरे, हे 3.6 टक्के तरी आपल्या मुलीचे आहेत का? हार्वर्डविरुद्धचा खटला 2018 साली बोस्टनच्या न्यायालयात चालला, तेव्हा आतले आकडे बाहेर आले. खेळासाठी निवडलेल्या अर्जदारांपैकी सुमारे 86 टक्क्यांना, आणि माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांशांना प्रवेश मिळत होता. म्हणजे उरलेल्यांचा वाटा छापील सरासरीपेक्षा कमीच. आम्हां केमिस्ट लोकांना हे नवे नाही : मिश्रणाची सरासरी पाहून त्यातल्या एका घटकाचा गुण सांगता येत नाही.

घराजवळचे उदाहरण घेऊ. अर्बाना-शँपेनला अलीकडच्या वर्षांत एकूण अर्जदारांपैकी दहातल्या सुमारे चार जणांना प्रवेश मिळाला. पण इंजिनिअरिंगमधल्या कॉम्प्युटर सायन्सला हे प्रमाण शंभरात दहाच्याही खाली आहे. त्यामुळे "शेजाऱ्यांचा मुलगा गेला, मग आमचा का नाही?" असे विचारण्याआधी तो कोणत्या विषयाला गेला ते विचारावे. "आधी आत जाऊ, मग कॉम्प्युटर सायन्सला बदलू" हा बेतही धोक्याचा. तशी बदली फार कठीण आहे. कॉम्प्युटर सायन्सबरोबर केमिस्ट्री किंवा दुसरा विषय जोडून घेता येतो आणि त्याची स्पर्धा वेगळी असते. पण मुलाला त्या दुसऱ्या विषयाची खरीच गोडी हवी, नाहीतर चार वर्षे लॅबमध्ये जाणे शिक्षा वाटेल.

आता आपल्या इंजिनिअर मंडळींचे लाडके गणित. "प्रत्येकी पाच टक्के चान्स असलेल्या दहा ठिकाणी अर्ज टाकले, तर एखादे तरी लागण्याची शक्यता 40 टक्के!" गुणाकार बरोबर आहे, पण तो फाशांना लागू पडतो. प्रत्येक फासा वेगळा पडतो. इथे दहाही ठिकाणी तीच मुलगी, तेच गुण, तीच शिफारसपत्रे जातात. एकाला जे कमी वाटले ते दुसऱ्यालाही वाटू शकते. अर्जांची संख्या वाढवून चान्स त्या प्रमाणात वाढत नाही, फी मात्र वाढते.

मग करायचे काय?

एक : बहुतेक कॉलेजे 'कॉमन डेटा सेट' नावाचा तक्ता जाहीर करतात. त्यातला 'सी' विभाग मुलांबरोबर वाचा. किती अर्ज आले, किती घेतले, गुणांना किती वजन, निबंधाला किती, सारे तिथे असते.

दोन : शाळेच्या कौन्सेलरना विचारा, की गेल्या काही वर्षांत आपल्याच शाळेतून, त्याच विषयासाठी, साधारण असेच गुण असलेल्यांचे काय झाले. देशाच्या सरासरीपेक्षा हे उत्तर जास्त उपयोगी.

तीन : यादीत निदान दोन ठिकाणे अशी ठेवा, जिथे प्रवेश जवळजवळ नक्की, खर्च झेपणारा, आणि मुलगी आनंदाने जाईल. तिन्ही अटी हव्यात. पॅलटाइनचे हार्पर कॉलेज आपल्याकडे उगाच हलके धरले जाते. तिथून इंजिनिअरिंग पाथवेज योजनेत ठरलेले विषय आणि ग्रेड मिळवल्या, तर अर्बाना-शँपेनच्या इंजिनिअरिंगला जाण्याची वाट आहे. कोणत्या शाखांना ती लागू आहे ते आधी विचारून घ्यावे.

शेवटी एक विनंती. मार्चमध्ये उत्तरे येतात तेव्हा आपली मुले सतरा-अठरा वर्षांची असतात. नकाराच्या पत्रात कारण लिहिलेले नसते, म्हणून ती ते स्वतःत शोधतात. वर आपणही "आणखी एक एपी घेतली असती तर..." असे म्हटले, की तेच कारण त्यांच्या मनात पक्के होते. जिथे शंभरातले नव्वदहून अधिक परत येतात, तिथून परत आलेले मूल कमी पडले असा अर्थ निघत नाही. हे त्यांना मार्चमध्ये नव्हे, आत्ता, अर्ज भरतानाच सांगा.

पुढच्या अंकात फायनान्शियल एडचे अर्ज. तोवर, अर्ज भरणाऱ्या सर्व मुलामुलींना शुभेच्छा!