बिनतेलाचे कौतुक

यंदाच्या स्नेहसंमेलनात खाद्यपदार्थांच्या कोणत्या स्टॉलपुढे सर्वांत मोठी रांग होती, हे वाचकांना आठवत असेलच. 'हेल्दी बेक्ड व्हेज वडे' असा फलक तेथे लावला होता. किसलेला कोबी, गाजर, दुधी, बेसन आणि थोडे ज्वारीचे पीठ. चपटे वडे थापून ओव्हनमध्ये १८० अंशांवर २५ मिनिटे भाजायचे, मध्ये एकदा उलटायचे. तीन वडे आणि पुदिन्याची चटणी, किंमत ४० रुपये. मीही रांगेत उभी राहिले. पहिला घास घेतला आणि चमकलेच. ही तर माझ्या आईची मुटकुळी! फक्त चपटी केलेली.

गेले दीड वर्ष तीच मुटकुळी माझ्या डब्यात होती, आणि डबा पिशवीच्या तळाशी. मला सहाची एस.टी. गाठायची असते म्हणून आई पहाटे उठून मेथी चिरते, ज्वारीच्या पिठात मूठभर बेसन, लसूण, मिरची, तीळ घालते, मुठीत दाबून वळते आणि चाळणीवर उकडते. मैत्रिणींपुढे ते हिरवे-काळपट गोळे काढायची मला लाज वाटे. मी कॅन्टीनमधला वडापाव घेई आणि डबा परतीच्या एस.टी.त, खिडकीकडे तोंड करून संपवी. डबा रिकामा जाई, त्यामुळे घरी कोणाला काही कळले नाही. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. कॉलेजात काय खातात आणि काय लपवतात, हे मला कोण सांगणार? रोजचे १५ रुपये, म्हणजे आठवड्याला आजच्या भावाने अर्धा किलो तरी तेल, हा हिशेब मी तेव्हा कधी मांडला नाही.

भाजलेल्या वड्यांच्या मी विरुद्ध नाही. दुपारच्या सुट्टीत दोन बटाटेवडे पोटात गेले की पुढच्या तासाला डोळे मिटू लागतात; त्यात अर्थशास्त्राचा काही दोष नाही. तळताना पिठातले पाणी वाफ होऊन जाते आणि तेल आत शिरते. एक ग्रॅम पिष्टात किंवा प्रथिनात ४ कॅलरी, तर तेवढ्याच तेलात ९. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाचा प्रश्न वेगळाच. १ जुलै २०१८ पासून त्यावर कायद्याने मर्यादा आहे. तेलातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाले की ते वापरायचे नाही. परंतु कढईत डोकावून हे गिऱ्हाइकाला कसे समजावे? तेव्हा हलके जेवण म्हणून भाजीचे वडे उत्तमच. मात्र त्यांना कृपा करून भजी म्हणू नये. पावसाळ्यातल्या कांदाभज्यांशी तुलना झाली की ते बिचारे हरणारच.

माझा वाद आहे तो कौतुकाशी. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून जेवणातले तेल १० टक्के कमी करण्याचे आवाहन केले. देशाला लागणारे निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते आणि लठ्ठपणाही वाढतो आहे. आवाहन योग्यच होते. पण राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुचविलेल्या ताटात दिवसाला माणशी २७ ग्रॅम तेल-तूप आहे. आम्ही घरी पाच माणसे. त्या हिशेबाने महिन्याला सुमारे ४ किलो लागेल. आमच्याकडे दीड किलो येते. त्यातले १० टक्के आईने कोठून कमी करावे? स्टॉलवरची हकीकत तिला सांगितली तेव्हा ती म्हणाली, "अगं, तेल पुरत नव्हतं म्हणून उकडत होते. त्याला एवढी रांग?" दिवाळीला कढई चढते तेव्हा तिचा चेहरा पाहावा. तिला बिनतेलाचे धडे देण्याचा अधिकार मला तरी वाटत नाही.

आणि ओव्हन? आमच्या वाडीत तो एकाही घरी नाही. मी जाड बुडाच्या पातेल्यात दोन वाट्या जाडे मीठ पसरून, वर तिवई ठेवून, झाकण लावून दहा मिनिटे तापवले. दुधी किसून, मीठ लावून पिळला. सुटलेल्या पाण्यातच पीठ भिजवले. वडे ताटलीत मांडले. अर्धा तास झाला तरी वरून पांढरेच! आई दोनदा गॅस बंद करायला आली. "सिलिंडर काय झाडाला लागतोय?" तिचेही खरेच होते, हीच वडी तव्यावर दोन थेंब तेलात दहा मिनिटांत होते. ओव्हनवाल्यांच्या पाककृतीत तेलाचा हिशेब असतो, जळणाचा नसतो.

शेवटी वडे झाले. आईने एक खाल्ला, "कोरडं लागतंय" म्हणाली, आणि पळीभर तेलात मोहरी-तिळाची फोडणी करून उरलेल्यांवर ओतली.

सोमवारी तेच डब्यात होते. ग्रंथालयामागच्या कट्ट्यावर मी डबा उघडला. आता आईला रोज चार-पाच मुटकुळी जास्त वळावी लागतात, आणि मेथी पुरत नाही अशी तिची तक्रार आहे.